फॉस्टर पालक होण्यापूर्वी : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : दत्तक घेणे आणि फॉस्टर पालक होणे यांत नेमका फरक कोणता?

उत्तर : दत्तक घेतलेले मूल कायद्याने कायमचे नव्या कुटुंबाचे होते. फॉस्टर पालकांकडे मूल येते ते आईवडिलांचे आजारपण, व्यसन किंवा घरातील हिंसा अशा कारणांमुळे त्याचे स्वतःचे घर काही काळ सुरक्षित उरलेले नसते म्हणून; घरची परिस्थिती सावरली की ते परत जावे, हाच सहसा या व्यवस्थेचा पहिला हेतू असतो. ज्यांना कायमचे मूल हवे आहे, त्यांनी दत्तकाचाच मार्ग धरावा, असे मी स्पष्टपणे सांगेन.

प्रश्न : बालगृहात मुलांची सोय होत असताना कुटुंबाचा आग्रह कशासाठी?

उत्तर : रोमानियातील बुखारेस्ट येथे एका दीर्घ अभ्यासात संस्थांमध्ये वाढणाऱ्या १३६ लहान मुलांपैकी निम्म्यांना, कोणतीही पसंती न ठेवता निवडून, फॉस्टर कुटुंबांत ठेवण्यात आले. त्यांचा बौद्धिक विकास संस्थेत राहिलेल्यांपेक्षा चांगला झाला, आणि जी मुले वयाच्या दोन वर्षांच्या आत घरात आली त्यांना विशेष लाभ झाला. संयुक्त राष्ट्रांच्या २००९ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही तीन वर्षांखालील मुलांचे पर्यायी संगोपन कुटुंबातच व्हावे, असे म्हटले आहे.

प्रश्न : मी अविवाहित असून भाड्याच्या घरात राहते. मला अर्ज करता येईल का?

उत्तर : नियम देशागणिक बदलतात, परंतु अनेक ठिकाणी या दोन्ही गोष्टी आड येत नाहीत. गृहभेट, आरोग्य, उत्पन्न आणि पूर्वचारित्र्य यांची पडताळणी मात्र होतेच.

प्रश्न : मुलाचा लळा लागल्यावर ते परत गेले, तर ते आम्हाला कसे सोसवेल?

उत्तर : लळा लागलाच पाहिजे. स्वतःला त्रास होऊ नये म्हणून अंतर राखणाऱ्या माणसाजवळ मूल विसावत नाही. सुरुवातीला काही मुले पोटभर जेवूनही बिस्किटे उशीखाली लपवून ठेवतात. तेव्हा रागावण्याऐवजी त्यांच्या हाताशी नेहमी काहीतरी खाऊ राहील असे पाहावे, म्हणजे उद्याही जेवण मिळणार याची खात्री त्यांना हळूहळू पटते. आईवडिलांच्या भेटीनंतर मूल चिडते, कधी अंथरूण ओले करते, आणि भेटीच बंद कराव्यात असे वाटू लागते. तो निष्कर्ष घाईने काढू नये. ते बहुधा ताटातुटीचे दुःख असते, म्हणून समुपदेशकाशी बोलून मगच ठरवावे. मुलासमोर त्याच्या आईवडिलांची निंदा मात्र कधीही करू नये, कारण ती त्याला स्वतःचीच निंदा वाटते. ते परत जाताना त्याच्या झोपेच्या वेळा, औषधे, भीती आणि आवडीनिवडी लिहून घरच्यांकडे द्याव्यात, आणि दोन्ही बाजूंची तयारी असल्यास पुढेही संबंध ठेवावा. तुम्हाला दुःख होईलच, आणि त्यासाठीही समुपदेशकाची मदत निःसंकोच मागावी.

प्रश्न : आमच्या दहा वर्षांच्या मुलीचे मत विचारावे का?

उत्तर : अवश्य विचारावे, आणि तेही अर्ज करण्यापूर्वी. खोली, खेळणी आणि तुमचा वेळ तिला वाटून घ्यावा लागणार आहे. तिने नकार दिला, तर तूर्त थांबावे.