मुलाला क्लास लावायच्या आधी मुलीला विचारा

प्रश्न : आमचं कोल्हापुरात चपलांचं दुकान आहे, मागे छोटा कारखाना. वडिलांपासूनचा धंदा. मुलगा यंदा बारावी सायन्स 54 टक्क्यांनी पास झाला, सीईटीतही काही जमलं नाही. दिवसभर मोबाईलवर असतो, म्हणून त्याला सहा महिन्यांचा डिजिटल मार्केटिंगचा क्लास लावायचं ठरवलंय. फी 55 हजार, नोकरीची शंभर टक्के हमी आहे. 2025 मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्याची भानगड झाली तेव्हा शेजारच्या दुकानाची रील लाखो लोकांनी बघितली, आमचं काहीच झालं नाही. मी मुलाला सांगितलंय, शिकून घे आणि वर्षात दुकानाचा गल्ला दुप्पट करून दाखव, नाहीतर गप गल्ल्यावर बस. तो सिव्हिल डिप्लोमाचं काहीतरी म्हणत असतो, पण तेवढी वर्षं कोण थांबणार? मोठी मुलगी बी.कॉम. झाली आहे. व्हॉट्सॲपच्या ऑर्डरी ती बघते, पण गिऱ्हाइकांशी तासतास बोलत बसते, पायाचे कागद मागवत बसते. तिचं पुढच्या वर्षी लग्न करायचंय. क्लास बरोबर आहे ना? शनिवारपर्यंत 5 हजार भरून सीट पक्की करायची आहे.
– एक पालक, कोल्हापूर

उत्तर : नमस्कार. शनिवारी पैसे भरू नका. बाकीचं सावकाश बोलू.

तुमच्या पत्रात मला मार्कांची काळजी वाटली नाही. 54 टक्के घेऊन माझ्याकडे आलेली आणि पुढे व्यवस्थित मार्गाला लागलेली मुलं मी पुष्कळ पाहिली आहेत. काळजी वाटली ती ‘वर्षात गल्ला दुप्पट करून दाखव’ या वाक्याची. बारावीचा निकाल मनासारखा लागला नाही, सीईटीतही जमलं नाही, म्हणजे पोरगा आधीच घरात मान खाली घालून वावरत असणार. अशा वेळी तुम्ही त्याच्या हातात पुस्तक दिलं नाहीत, दोन पिढ्यांच्या धंद्याचा हिशोब दिलात. त्यात तो कमी पडला तर त्याने आणखी एक परीक्षा नापास केली असं होईल, आणि या परीक्षेचा निकाल रोज रात्री गल्ला मोजताना लागेल. तीस वर्षं धंदा करणाऱ्या तुम्हाला जे एका वर्षात करता आलं नाही, ते अठरा वर्षांच्या मुलाने सहा महिन्यांच्या क्लासवर करून दाखवायचं? अशी अट तुम्ही कारागिराला घातली असती का? तो दुसऱ्या दिवशी शेजारच्या कारखान्यात गेला असता. मुलगा जाऊ शकत नाही, एवढाच फरक.

तुमची भीती मला समजते. रेक्झिनच्या, म्हणजे नकली चामड्याच्या, चपला ‘कोल्हापुरी’ म्हणून तुमच्या निम्म्या भावात विकल्या जातात, चामड्याचा भाव वाढतो, कारागीर टिकत नाहीत, आणि शेजारच्या दुकानात मात्र मोबाईल बघून गिऱ्हाईक येतं. धंद्याची ही काळजी खरी आहे. पण ती तुमची आहे. ती मुलाच्या करिअरच्या नावाखाली त्याच्या अंगावर टाकू नका. तुमच्या पत्रात त्याला काय हवंय याबद्दल एकच वाक्य आहे, तेही ‘काहीतरी म्हणत असतो’ असं. तो काय म्हणत असतो ते एकदा नीट बसून ऐका.

आता ‘दिवसभर मोबाईलवर असतो’ या कारणाकडे येऊ. आठवड्यातून एक तरी पालक मला हे ऐकवतो : फोन सुटत नाही ना, मग त्यातच पैसे कमावू दे. रोज चप्पल घालणाऱ्याला चप्पल शिवता येत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. रील बघणं ही करमणूक आहे. रीलवरून माल विकणं हे काम आहे, आणि त्यातलं बरंचसं काम कंटाळवाणं असतं. ‘प्राइस प्लीज’ अशी तीच ती विचारणा आली की न चिडता उत्तर द्यायचं. फोटोतला रंग आणि हातातल्या चपलेचा रंग एकच दिसतो ना, ते तपासायचं. सीओडीने, म्हणजे माल हातात पडल्यावर पैसे या बोलीवर, पाठवलेलं पार्सल गिऱ्हाइकाने दारातून परत केलं की दोन्ही बाजूंचा कुरिअर खर्च कुणाच्या खिशातून गेला, ते वहीत लिहायचं. कोणत्या जाहिरातीवर किती खर्च झाला आणि तिच्यातून किती जोड विकले गेले, ते दर आठवड्याला मांडायचं. तासतास रील बघणाऱ्या मुलाला हे जमेलच असं नाही, आणि फोन फारसा न बघणाऱ्या माणसाला ते उत्तम जमू शकतं. खरं तर जो गिऱ्हाइकाशी न कंटाळता बोलू शकतो आणि हिशोब ठेवतो, त्याला ते जमतं.

असं माणूस तुमच्या घरात आहे. तुम्ही पत्रात तिची तक्रार केली आहे.

मुलगी पायाचे कागद मागवते, म्हणजे गिऱ्हाइकाला कागदावर पाय ठेवून पेन्सिलीने आखायला लावते आणि त्याचा फोटो घेते, असंच ना? चपला ऑनलाइन विकताना सगळ्यात मोठी डोकेदुखी मापाची असते. बुटाचा आठ नंबर घालणाऱ्याला तुमचा आठ बसेलच असं नाही. कुणाचा पंजा रुंद असतो, कुणाचा अंगठा अडकतो, आणि कोल्हापुरी तर सुरुवातीला घट्ट असते, वापरून सैल होते. मापात चूक झाली की पार्सल परत येतं, आणि परत येणाऱ्या पार्सलात नफा जातो. तिने हे ओळखून त्यावर उपाय काढला. कुठल्या क्लासने शिकवलं तिला? ती तासतास बोलते, त्यातूनच तिला कळत असणार की पुण्याचं गिऱ्हाईक चालताना करकर आवाज करणारी चप्पल मागतं की बिनआवाजाची, पावसात घातली तर चालेल का हे किती जण विचारतात, पहिल्यांदा घेणाऱ्याला चप्पल चावेल याची धास्ती असते का. पैसे देऊन जाहिरात करणाऱ्या कंपन्या हीच माहिती शोधत असतात. तुमच्याकडे ती घरच्या घरी गोळा होते आहे, आणि तुम्हाला वाटतं पोरगी वेळ घालवते.

तेव्हा माझा सल्ला असा की सोशल मीडिया मार्केटिंग शिकायचंच असेल तर मुलीने शिकावं, तिला हवं असेल तर. हे ‘तर’ महत्त्वाचं आहे. मुलाला न विचारता क्लास लावत होतात, आता मुलीला न विचारता लावू नका. ती हो म्हणाली, तर तिला महिन्याचा पगार ठरवून द्या किंवा ऑनलाइन विक्रीत टक्का द्या, आणि तो तिच्या बँक खात्यात जमा करा. घरचं काम म्हणून फुकट राबवू नका. आणि लग्नाचं म्हणाल तर, ‘ती परक्या घरी जाणार, तिला शिकवून काय उपयोग’ असं तुम्ही लिहिलेलं नाही, पण दोन वाक्यं शेजारी ठेवली आहेत म्हणून बोलतो. हे काम इचलकरंजीतून होतं, पुण्यातून होतं, नागपुरातूनही होतं. माल तुमच्याकडून निघतो, फोन तिच्याकडे असतो. लग्नाने त्यात काही मोडत नाही, तुम्ही मोडलंत तरच मोडेल.

शिकायचं कुठे? सुरुवातीला 55 हजार खर्चायची काही गरज नाही. फेसबुक-इन्स्टाग्राम चालवणाऱ्या मेटा कंपनीचं ब्लूप्रिंट आणि गुगलचं स्किलशॉप या दोन्ही संकेतस्थळांवर जाहिरातींचे मूळ धडे फुकट आहेत. बी.कॉम. झालेल्या मुलीला ते अवघड जाणार नाहीत, इंग्रजी थोडं अडेल तेवढंच. महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र आणि तुमच्या व्यवसायासाठी असलेलं संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळ, या दोन्हींकडे सध्या कोणतं प्रशिक्षण चालू आहे ते विचारा. तरीही क्लासला जायचंच असेल तर तिथल्या माणसाला एवढंच विचारा : मुलं खऱ्या दुकानाची खरी जाहिरात चालवतात का, आणि तिचे पैसे कोण भरतं? याचं उत्तर गुळमुळीत आलं की उठून या. ‘शंभर टक्के नोकरी’ म्हणजे कुठली, किती पगाराची, नाही मिळाली तर फी परत का, हे कागदावर मागा. माझ्याकडे येणाऱ्या कित्येक मुलांची ती नोकरी म्हणजे त्याच क्लाससाठी नवीन मुलांना फोन लावायचं काम निघालं होतं.

तुम्ही पत्रात दुकानाचं नाव दिलंय, म्हणून मी ते गुगल मॅपवर शोधलं. दुकान सापडलं, पण फोटो एकच, तोही शटर बंद असलेला. वेळ लिहिलेली नाही. कुणीतरी ‘दुपारी गेलो, बंद होतं’ म्हणून एक तारा देऊन ठेवलाय, त्यावर तुमचं उत्तर नाही. अहो, अंबाबाईच्या दर्शनाला येणारा माणूस देवळातून बाहेर पडला की फोनवर ‘कोल्हापुरी चप्पल’ शोधतो. त्याला दिल्लीत गाजलेली रील नको असते, चालत जाता येईल असं उघडं दुकान हवं असतं. गुगलवर दुकानाची नोंद आपल्या ताब्यात घ्यायला, वेळ आणि फोटो टाकायला पैसे पडत नाहीत. रीलच्या आधी हे करा. शेजाऱ्याच्या लाखो व्ह्यूजचा तुम्हाला फार त्रास झालेला दिसतो. त्या व्ह्यूजमधून किती जोड विकले गेले, हे त्यांना विचारलंत का? बघणारे लोक देशभर पसरलेले असतात, आणि त्यातल्या बहुतेकांना चप्पल घ्यायचीच नसते.

प्राडाचंही तसंच. जून 2025 मध्ये मिलानच्या शोमध्ये त्या चपला दिसल्या, सुरुवातीला कोल्हापुरीचं नाव कुठेच नव्हतं, आरडाओरडा झाल्यावर कंपनीने मूळ मान्य केलं. त्या दिवसांत कोल्हापुरी शोधणाऱ्याला जी दुकानं फोनवर लगेच दिसली, भाव आणि माप सांगू शकली, त्यांच्याकडे तो गेला असणार. अशी लाट कधी येईल ते आपल्या हातात नसतं. दुकान फोनवर सापडणं आपल्या हातात असतं.

व्हॉट्सॲप बिझनेस मुलगी वापरत असेलच. नसेल तर आजच घ्यायला सांगा. त्यात कॅटलॉग करता येतो, ठरावीक प्रश्नांची उत्तरं साठवून ठेवता येतात, ‘पैसे यायचे आहेत’, ‘माल पाठवला’ अशी लेबलं लावता येतात. कॅटलॉगमध्ये भाव लिहा. ‘भावासाठी मेसेज करा’ हा बाणा सोडा, त्याने गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जातं. पैसे देऊन जाहिरात करायची तर पोस्टखालचं ‘बूस्ट’चं बटण लगेच दाबू नका, त्याने बहुतेकदा लाइक वाढतात. व्हॉट्सॲपवर विचारणा यावी असा उद्देश निवडून, थोड्या पैशांत, एखाद-दोन शहरांपुरती जाहिरात लावून बघा. आणि लक्षात ठेवा, जाहिरातीच्या रकमेवर 18 टक्के जीएसटी वेगळा लागतो. राज्याबाहेर माल पाठवायच्या आधी स्वतःच्या जीएसटीबद्दल सीएला विचारून घ्या.

एक काम मात्र मुलीला जमणार नाही, ते तुमचंच. अस्सल कातडं हाताला कसं लागतं, कापशी आणि पुडा या चपलांच्या प्रकारांत फरक काय, वेणी कशी घालतात, चावणारी चप्पल नरम कशी करायची, हे तुमच्या तोंडून आलं पाहिजे. कोल्हापुरीला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे ठरावीक भागात बनलेल्या चपलेलाच हे नाव लावायचा हक्क; महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे त्यात आहेत. पण बाहेरच्या गिऱ्हाइकाला त्यातलं काही माहीत नसतं, त्यामुळे रेक्झिनची जोडी बघून तो ‘तुमची महाग का?’ असं विचारतो. त्याचं उत्तर म्हणजे तुमची रील. कॅमेऱ्यासमोर बोलायला संकोच वाटत असेल तर चेहरा दाखवू नका, हात दाखवा. आठवड्यातून एक तास द्या. धंदा तुमचा आहे, मार्केटिंगही काही अंशी तुम्हालाच शिकावं लागेल. मुलांच्या डोक्यावर ठेवून ते सुटणार नाही.

राहिला मुलगा. बारावी सायन्स झालेल्याला इंजिनीअरिंग डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो, म्हणजे दोन वर्षांत डिप्लोमा होतो. कोल्हापुरात शासकीय तंत्रनिकेतन आहे, तिथे सिव्हिल आहे. थेट दुसऱ्या वर्षाच्या जागा मोजक्या असतात, म्हणून अर्जात खाजगी कॉलेजांचे पर्यायही भरा. पुढे डिग्री करायची असेल तर डिप्लोमानंतर तिथेही थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. शिष्यवृत्तीसाठी राज्य सरकारच्या महाडीबीटी संकेतस्थळावर अर्ज करता येतो, जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढून ठेवा, ऐनवेळी तहसीलदार कचेरीत रांग असते. सीईटी पुन्हा द्यायची की नाही ते त्याला ठरवू द्या. दुकानात रविवारी दोन तास बसायला त्याची ना नसेल, पण ते मुलगा म्हणून बसू दे, गल्ला दुप्पट करणारा म्हणून नको.

तंत्रशिक्षण संचालनालयाच्या संकेतस्थळावर डिप्लोमाच्या प्रवेशाचं वेळापत्रक आज रात्रीच त्याच्यासोबत बसून बघा, तारखा निघून गेल्या तर वर्ष जाईल. क्लासवाले शनिवारी फोन करतील, ‘सीट जाईल’ म्हणतील. जाऊ द्या.