४,२९,४९,६७,२९७ ही संख्या मूळ आहे का? तिचे आणखी कोणते गुणधर्म आहेत?

नाही, ही संख्या मूळ नाही, संयुक्त आहे. तिचे मूळ अवयव दोनच आहेत: ६४१ आणि ६७,००,४१७. २, ३, ५, ७ पासून ओळीने भाग देत गेलात, तर शंभरच्या पुढे कंटाळून थांबाल. त्यात नवल नाही, कारण ६४१ च्या आधी ११५ मूळ संख्या आहेत आणि त्यांपैकी एकीनेही हिला निःशेष भाग जात नाही.

ही संख्या म्हणजे २ चा ३२ वा घात अधिक १. घातांक स्वतःही २ चा घात असला, म्हणजे १, २, ४, ८, १६ असा असला, तर याच रीतीने अनुक्रमे ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ या संख्या मिळतात आणि त्या पाचही मूळ आहेत. त्यावरून फ्रेंच गणिती फर्मा याने सतराव्या शतकात असा तर्क केला की पुढच्याही सर्व संख्या मूळच असणार. लगेचची सहावी म्हणजे तुमची संख्या, आणि तिथेच तो तर्क फसला. गणिती गोल्डबाखने १७२९ मध्ये पत्रातून स्विस गणिती ऑयलरचे लक्ष या प्रश्नाकडे वेधले आणि १७३२ मध्ये ऑयलरने ६४१ हा अवयव दाखवून दिला.

या संख्येचा कोणताही मूळ अवयव ६४ च्या पटीत १ मिळवून येणाऱ्या संख्यांपैकीच असावा लागतो. अशा मूळ संख्या लहानापासून मांडल्या तर १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१ येतात. म्हणजे पाचव्याच भागाकाराला उत्तर हाती लागते. हे पाचही भागाकार मी एकदा कागदावर करून पाहिले, आणि खरे सांगायचे तर पहिल्या चारांच्या बाक्या काढतानाच जास्त वेळ गेला.

भागाकार न करताही ६४१ ने भाग जातो हे सिद्ध करता येते, आणि मला तीच सिद्धता सर्वांत देखणी वाटते. ६४१ म्हणजे ५ गुणिले १२८, अधिक १. म्हणून ६४१ ने भागल्यास ५ × १२८ ची बाकी उणे १ धरता येते. १२८ हा २ चा ७ वा घात असल्यामुळे दोन्ही बाजूंचा चौथा घात घेतला की ६२५ गुणिले २ चा २८ वा घात, याची बाकी १ येते. पण ६४१ म्हणजे ६२५ अधिक १६ सुद्धा आहे, तेव्हा ६२५ च्या जागी उणे १६, म्हणजे उणे २ चा चौथा घात, ठेवता येतो. मग उणे २ चा ३२ वा घात, याची बाकी १ ठरते. अर्थात त्या घातात १ मिळवल्यास बाकी शून्य.

दोनच मूळ अवयव असल्याने हिचे विभाजक चार आहेत आणि त्यांची बेरीज ४,३०,१६,६८,३५६ होते. शिवाय ही संख्या दोन वर्गांची बेरीज म्हणून दोन प्रकारे लिहिता येते. पहिला प्रकार उघड आहे: ६५,५३६ चा वर्ग अधिक १ चा वर्ग. दुसरा सहजी सुचत नाही: ६२,२६४ चा वर्ग अधिक २०,४४९ चा वर्ग. मूळ संख्या अशी दोन प्रकारे कधीच लिहिता येत नाही, त्यामुळे ही दुसरी बेरीज कुणी आधी शोधली असती, तर एकही अवयव हाती नसताना संख्या संयुक्त असल्याचे त्याला सांगता आले असते. जाता जाता, २०,४४९ हा स्वतः १४३ चा वर्ग आहे.