चिनी राजांचा 'ते' आणि आपला 'गुण'

प्रश्न असा आला आहे : प्राचीन चिनी राजांविषयी वाचताना 'ते' हा शब्द वारंवार भेटतो. मराठीत त्याला 'सद्गुण' म्हणावे, 'नीतिमत्ता' म्हणावे की 'राजधर्म'?

'सद्गुण' नको. व्याख्यानांतून, अनुवादांतून हा शब्द ऐकून कान किटले आहेत. 'राजधर्म' तर साफ चूक. राजधर्म म्हणजे राजाचे कर्तव्य. 'ते' ही त्याच्या अंगची शक्ती आहे.

अक्षरच बघा ना! प्राचीन चौ घराण्याच्या राजांच्या काशाच्या पात्रांवर हे अक्षर असे दिसते : डावीकडे रस्त्याची खूण, शेजारी डोळा, डोळ्यावर सरळ उभी रेघ आणि खाली काळीज. माझ्या मते हा मुलखातून फिरणारा, समोर नीट पाहणारा राजा आहे आणि त्याच्या पाहण्यात काळीज आहे. त्याहून जुन्या, हाडांवरच्या लिपीत अशीच खूण सापडते, पण तिच्यात काळीज नाही. म्हणून काही जाणकार तिला 'ते' मानायलाच तयार नाहीत. मला वाटते, काळीज चौंनी मुद्दाम घातले. आधीच्या शांग घराण्याचे राज्य त्यांनी लढून घेतले होते. ते आपल्याकडे का आले, हे लोकांना पटवणे त्यांना भाग होते. 'ता यू तिंग' (तिंग म्हणजे पायांचे काशाचे पात्र) या 153.5 किलो वजनाच्या पात्रावर चौंचा खांग राजा हेच सांगतो : शांगांचे अधिकारी दारूत बुडाले म्हणून त्यांचे सैन्य गेले, आणि मी वेन राजाच्या 'ते'चा कित्ता गिरवतो. वेन राजा हा त्याचा पणजोबा.

इथे कोणीतरी हमखास 'ते म्हणजे मिळवणे' ही व्युत्पत्ती पुढे करतो. सारख्या उच्चाराच्या दुसऱ्या शब्दावरून केलेला हा श्लेष आहे. जुन्या ग्रंथांत तो आहे म्हणून त्याची व्युत्पत्ती होत नाही. इ.स. 100 च्या सुमारास कोश रचणाऱ्या शू शनने तर या अक्षराचा अर्थ 'वर चढणे' असा दिला. शू शन थोरच, पण हाडांवरची लिपी अभ्यासकांच्या ध्यानात आली 1899 मध्ये; त्याला ती ठाऊकच नव्हती. त्याच्या नावावर आज वाद मिटवणे हा निव्वळ आळस आहे.

मग मराठीत काय म्हणायचे? नुसता 'गुण'! 'औषधाचा गुण आला', 'वैद्याच्या हाताला गुण आहे' असे आपण म्हणतो तो गुण. लू राज्याचा कारभार पाहणाऱ्या सरदाराने कन्फ्यूशियसला विचारले, वाईट माणसांना ठार केले तर कसे? तो म्हणाला, कारभार करायचा तर ठार कशाला करायचे? वरच्याचा 'ते' वारा, खालच्याचा 'ते' गवत. वारा आला की गवत लवतेच. आता इथे 'सद्गुण' घालून बघा. गवताचा सद्गुण? लवणे हा गवताचा गुण आहे, सद्गुण नव्हे. आणि वरच्याचा गुण खालच्याला लागतो, हे 'वाण नाही पण गुण लागला' म्हणणाऱ्या मराठी माणसाला वेगळे समजवावे लागत नाही.

कोणी 'पुण्याई' सुचवतात. वाडवडिलांकडून येते, सरते, एवढे जुळते. पण पुण्याई मागच्या कर्माची. 'ते' आज, या घटकेला राजाच्या अंगी असावा लागतो. इ.स.पू. 606 मध्ये छू देशाचा चुआंग राजा सैन्य घेऊन चौंच्या सीमेवर आला. राज्याची खूण असलेल्या नऊ तिंगांचे वजन किती, असे त्याने विचारले. रोख उघड होता : उचलून न्यायचे तर भार किती? चौंचा दूत वांगसुन मान म्हणाला, प्रश्न 'ते'चा आहे, तिंगांचा नाही. 'ते' उजळ असेल तर तिंग लहान असूनही जड होतात. तो मावळला की मोठे तिंगही हलके. चौंचा 'ते' उतरला असला तरी राज्य करण्याचा आकाशाचा हुकूम अजून बदललेला नाही, तेव्हा वजन विचारायचे कारण नाही. चुआंग राजा परत गेला. वांगसुन मान स्वतःच्या धन्याचा 'ते' उतरल्याचे शत्रूसमोर कबूल करतो, ते मला फार आवडते. 'पुण्याई' मानणाऱ्यांनी हा संवाद नीट वाचावा.

'नीतिमत्ता' राहिली. कन्फ्यूशियसनंतरच्या नीतिचर्चेत ती चालेल. चौंच्या काशावर नाही.