माझ्या ९ वर्षांच्या मुलीला स्वतःचा गेम बनवायचाय. मला कोडिंग येत नाही. कुठून सुरू करू? आणि ते ब्लॉक जोडणं म्हणजे खरं कोडिंग असतं का?

सरळ स्क्रॅच उघडा (ब्लॉक जोडून गेम बनवायची वेबसाइट), फार शोधाशोध करत बसू नका. एमआयटी मीडिया लॅबने २००७ मध्ये आणलेलं आहे, पूर्ण फुकट, ८ ते १६ वयाच्या मुलांसाठीच बनवलंय. (५ ते ७ वयाचं धाकटं भावंड असेल तर त्याच्यासाठी स्क्रॅच ज्युनियर वेगळं आहे, त्यात वाचता यायची पण गरज नाही.) मोबाइलवर मात्र नको, लॅपटॉप बघा, निदान टॅब तरी.

आता खरं कोडिंग का, तर हो, आणि हे मी माझ्या भाच्याला शिकवताना बघितलंय. त्याला वरून पडणारे तारे मांजराने झेलायचे असा गेम करायचा होता. ताऱ्याला 'फॉरेव्हर' ब्लॉक लावला (आतलं सतत करत राहणारा), आत 'चेंज वाय बाय -५' (वाय म्हणजे वर-खालीची जागा), की तारा खाली यायला लागतो. मग त्याने 'मांजराला टच झालं तर स्कोअर १ ने वाढव' जोडलं पण ते फॉरेव्हरच्या बाहेर, खाली जोडायला गेला, आणि ते जोडलंच जाईना, कारण फॉरेव्हरला खाली खाचच नसते! तो कधी संपतच नाही तर त्याच्या खाली काय येणार, हे त्याचं त्यालाच कळलं. आत टाकलं तर एक तारा झेलला की स्कोअर एकदम वीसपंचवीस. पोरगं आधी खूश, मग म्हणतो मामा हे चुकतंय.

मी काही सांगितलं नाही. लूप, म्हणजे तो फॉरेव्हर, सेकंदाला साधारण ३० वेळा फिरतो आणि तारा मांजराला चिकटून असेपर्यंत प्रत्येक फेरीत पॉइंट मिळतोय, हे शोधायला त्याला अर्धा तास लागला. मग उपाय पण त्यानेच काढला, पॉइंट दिला की लगेच ताऱ्याला वर पाठवायचं, वाय १८० ला, आणि एक्स (डावी-उजवीकडची जागा) -२२० ते २२० मधला कुठलाही रँडम. स्टेज, म्हणजे गेम दिसतो तो चौकोन, ४८० बाय ३६० चा असतो आणि मधोमध शून्य, त्यामुळे निगेटिव्ह आकडे काय असतात ते पण आपोआप समजलं.

तुम्हाला येत नाही ते बरंच आहे हो, कारण ज्याला येतं तो पटकन माऊस हातात घेतो आणि तिथेच मुलाचा गेम मोठ्यांचा होतो. तुम्ही शेजारी बसा, "आता काय व्हायला हवं होतं आणि काय झालं?" एवढंच विचारत राहा. आधी व्हिडिओ बघून तसाच्या तसा गेम करायला नका लावू, तिला जो करायचाय त्याचाच सगळ्यात छोटा तुकडा घ्या. अडली तर दुसऱ्या मुलांचे गेम आतून उघडून बघता येतात, रीमिक्स करता येतात, म्हणजे त्यात आपले बदल करता येतात.

वर्षभराने स्क्रॅच कमी पडायला लागलं तर मेककोड आर्केड ही गेम बनवायची दुसरी वेबसाइट बघा, तिथे पण ब्लॉकच आहेत, पण एका क्लिकवर तेच पायथन या टाइप करून लिहायच्या कोडिंग भाषेत लिहिलेले दिसतात.