मोबाइलमधला आहारतक्ता आणि ताटातला भात

प्रश्न : माझ्या वडिलांना मधुमेह आहे. मुलाने त्यांच्या मोबाइलमध्ये आहाराचे अ‍ॅप घालून दिले. पण ते ओट्स आणि ब्रोकोली सुचवते, आणि बाबांना पेज, भात नि माशांचे सार हवे. अशा अ‍ॅपचा उपयोग होतो का?
– एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : होतो, परंतु त्यातील तयार आहारतक्ता बाजूला ठेवून. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 मध्ये 528 भारतीय खाद्यपदार्थांचे पोषणमूल्य-तक्ते प्रसिद्ध केले. अशी आकडेवारी आणि मराठी भाषा असलेले अ‍ॅप निवडावे. फोटोवरून कॅलरी सांगणाऱ्या सोयीवर मात्र विसंबू नये, कारण सारात नारळ किती वाटला आहे हे कॅमेऱ्याला दिसत नाही.

खरा उपयोग नोंदीचा आहे. एकाच ठरावीक वाटीने भात मोजावा, जेवायला बसल्यापासून दोन तासांनी ग्लुकोमीटरवर साखर पाहावी आणि दोन्ही आकडे अ‍ॅपमध्ये लिहावेत. दोन वाट्या भात व बटाट्याची भाजी, आणि एक वाटी उकड्या तांदळाचा भात, बांगडा व भरपूर पालेभाजी, या दोन जेवणांतला फरक त्यांना स्वतःच्याच आकड्यांतून पटेल. घरच्यांच्या उपदेशाने तो सहसा पटत नाही. पेज पातळ म्हणून हलकी वाटते, पण मऊ शिजलेला तांदूळ लवकर पचून साखर झटकन वाढवू शकतो, तेव्हा तिचीही नोंद हवी.

इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर अ‍ॅपच्या सांगण्यावरून जेवण परस्पर कमी करू नये. नोंदी आधी डॉक्टरांना दाखवाव्यात.