क्लिंगॉनमध्ये ‘दुसरा’ आणि ‘दोनदा’

अरे, ‘स्टार ट्रेक’साठी बनवलेल्या क्लिंगॉन भाषेत ‘दुसरा’ कसं म्हणायचं आणि ‘दोनदा’ कसं, हा तुझा गोंधळ सगळ्यांचाच होतो. ही भाषा घडवणाऱ्या मार्क ओक्रांडचा १९८५चा कोश मी ठाणे-सीएसएमटी लोकलमध्ये उभ्याने वाचायचो, तेव्हा मीही हेच घोळ घातले. एक बरंय, आपल्याला ‘ड’ जन्मजात येतो, त्यामुळे ‘डिच’ (आपल्या ‘-रा’, ‘-था’सारखा क्रमवाचक प्रत्यय) उच्चारायला वेगळा रियाज नको.

आत्ता एवढंच पक्कं कर:

१. जागा बघ. ‘चा’ डुज’ म्हणजे दोन जहाजं (‘चा’नंतरचं ’ हे चिन्ह शब्दाचाच भाग आहे). ‘डुज चा’’ म्हणजे जहाज क्रमांक दोन, आपल्या ‘फलाट दोन’सारखं. ‘डुज चा’डिच’ म्हणजे दुसरं जहाज. मराठीच्या सवयीने ‘चा’डिच’ आधी येतं, तिथेच पहिली चूक होते.

२. आपला ‘-दा’ म्हणजे त्यांचा ‘-लोघ’. ‘चा’लोघ जिषोप’: मी दोनदा खातो. हा शब्द वाक्याच्या सुरुवातीलाच येतो. इथे ‘डिच’ लावू नकोस.

आणि ‘लोघ’ गाळूही नकोस, खासकरून तीनला! ‘वेजलोघ जिषोप’ म्हणजे तीनदा खातो; नुसतं ‘वेज जिषोप’ म्हणालास तर ‘मी अजून खाल्लं नाही’. कारण ‘वेज’चा दुसरा अर्थ ‘अजून नाही’. तीन वडापाव हाणून उपाशी ठरशील.

‘पहिल्यांदा’, ‘दुसऱ्यांदा’साठी क्रमवाचक शब्द एकटाच सोडायचा मोह होईल. सध्या टाळ. त्याला नाम दे: ‘जाज वा’डिच’, पहिल्या दिवशी. वाक्याच्या तोंडाशी ठेव, ‘दिवशी’साठी वेगळा विभक्तिप्रत्यय लागत नाही.

मोठ्या संख्या नंतर बघू. आधी दहापर्यंत ‘डिच’ आणि ‘लोघ’ दोन्ही प्रत्यय आळीपाळीने लावून मोठ्याने म्हण. डब्यात लोक बघतील, बघू देत.