न्यू जर्सी असेंब्लीसाठी, म्हणजे राज्याच्या विधिमंडळाच्या खालच्या सभागृहासाठी, आमच्या ओळखीचे एक जण उभे आहेत. समोरच्याने त्यांच्या पाचपट निधी जमवलाय. मग मी देणगी देण्यात काही अर्थ आहे का?

आहे. पण तुम्ही नुसती बेरीज बघून विचारताय, आणि ती बेरीज फसवी असते. आमच्या घरात या विषयावर २०२१ पासून वाद चालू आहे, त्यामुळे उत्तर थोडं लांबेल.

२०२१ च्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, माझी मैत्रीण असेंब्लीसाठी उभी होती. स्कूल बोर्डावर काम केलेली, बजेटचं पान न् पान वाचून मीटिंगला जाणारी बाई. मी अकाउंटंट, त्यामुळे ट्रेझरर मीच. पंचवीस, पन्नास, शंभर डॉलरचे चेक यायचे. तिच्या गल्लीतल्या एक निवृत्त ग्रंथपाल बाई दर महिन्याला न चुकता दहा डॉलर पाठवायच्या. मी प्रत्येक चेकची नोंद ठेवली, कारण निवडणुकीच्या २९ दिवस आधी, ११ दिवस आधी आणि नंतर २० दिवसांनी राज्याच्या आयोगाकडे, म्हणजे इलेककडे, हिशोब द्यावा लागतो आणि तो कुणालाही वाचता येतो.

तो २९ दिवसांचा हिशोब माझ्या थोरल्या दिरांनीही वाचला. लगेच फोन. "अगं, त्यांच्याकडे लाखांत आहेत आणि तुमच्याकडे चहापाण्यापुरते. पैसे पाण्यात कशाला घालायचे?" मी म्हटलं, "भावोजी, मंडळाच्या ढोलांना तुम्ही एका फोनवर पैसे दिलेत. ही तर आपली मुलगी आहे, तुमच्या हातचं खाऊन गेलेली." नाहीच दिले. मंडळातल्या बऱ्याच जणांचं असंच. ती हरली, आणि हिवाळ्यात भावोजींनी जिंकलेल्या माणसाच्या निधी जमवायच्या डिनरला पैसे देऊन अख्खं टेबल घेतलं. फोटोही टाकला. मला ते लागलं, आणि अजून लागतं.

फोन आला त्याच रात्री मी समोरच्याचा हिशोब उघडून बसले होते. निम्म्याहून जास्त रक्कम त्याने स्वतःच आपल्या प्रचाराला दिलेलं कर्ज होतं. ते चालतं. उमेदवाराने स्वतःचे किती पैसे घालावेत यावर मर्यादाच नाही, सुप्रीम कोर्टाच्या १९७६ च्या बकली खटल्यातल्या निकालापासून. बाकीच्यांनी द्यायच्या रकमेला मात्र मर्यादा आहे. तेव्हा एका निवडणुकीला २,६०० डॉलर होती, २०२३ मध्ये ती ५,२०० केली. उरलेल्या रकमेत इंजिनिअरिंग कंपन्या, वकिलांच्या फर्म, दुसऱ्या आमदारांच्या कमिट्या. आमच्या गावातली नावं बोटांवर मोजण्याइतकी. माझ्या नोंदवहीतल्या आमच्या यादीत उलट, मतदारसंघाबाहेरचं नाव शोधावं लागत होतं. भावोजींना मी हे सगळं सांगितलं होतं. त्यांनी बेरीज सोडून दुसरं काही ऐकलं नाही.

म्हणून तुम्हीही आधी "पाचपट" फोडून बघा. इथे प्रत्येक मतदारसंघातून असेंब्लीवर दोघे निवडून जातात, त्यामुळे एका पक्षाचे दोन उमेदवार बऱ्याचदा एकच सामाईक खातं चालवतात. तुम्ही बघितलेली रक्कम एकाची की दोघांची? त्यात कर्ज किती? मागच्या निवडणुकीतून उरलेले किती? आणि मतदारसंघात राहणाऱ्या किती माणसांनी दिले? माझ्या लेखी हा शेवटचा आकडाच खरा.

मग आम्ही हरलो कशामुळे? लाइनमुळे. तेव्हा राज्याच्या २१ पैकी १९ काउंट्यांत (म्हणजे जिल्ह्यांत) पक्षाच्या पाठिंब्याचे सगळे उमेदवार मतपत्रिकेवर एका रांगेत छापले जायचे, आणि बाकीचे कुठेतरी कोपऱ्यात. लाइन कुणाला मिळणार हे पक्षातली मोजकी माणसं ठरवायची. ती मिळाली की दुसऱ्या दिवसापासून चेक सुरू. म्हणजे जो निवडून येणार हे दिसतंय त्याच्याकडे पैसा जातो, आणि मग लोक म्हणतात पैशाने जिंकला. भावोजींशी माझं भांडण आहे ते नेमकं यावरून. २०२४ च्या मार्चमध्ये तेव्हा अमेरिकी सेनेटसाठी उभे असलेले खासदार अँडी किम यांच्या खटल्यात फेडरल न्यायाधीशांनी डेमोक्रॅटिक प्रायमरीपुरती ही लाइन थांबवली आणि २०२५ मध्ये ती कायद्यानेच गेली. तेव्हा तुमच्या ओळखीच्यांना प्रायमरीत आमच्यापेक्षा कितीतरी सरळ मैदान आहे.

पैशाने सगळं होत असतं तर तिसऱ्या मतदारसंघात जे झालं ते झालं नसतं. स्टीव्ह स्वीनी हे तेव्हा राज्याच्या सेनेटचे, म्हणजे वरच्या सभागृहाचे, अध्यक्ष होते. २०१७ मध्ये शिक्षकांची संघटना त्यांच्या विरोधात उतरली आणि त्या एका जागेवर दोन्ही बाजूंनी मिळून १ कोटी ८० लाख डॉलरच्या वर खर्च झाला. ते आरामात जिंकले. २०२१ च्या नोव्हेंबरात, म्हणजे आमची प्रायमरी होऊन पाच महिन्यांत, त्याच जागेवर त्यांना एड डर नावाच्या ट्रक ड्रायव्हरने दोन हजारांहून थोड्या जास्त मतांनी हरवलं. डर यांनी प्रायमरीचा खर्च १५३ डॉलर दाखवला होता, आणि नोव्हेंबरपर्यंतही तो काही हजारांतच होता. निकाल लागल्यावर मी भावोजींना फक्त ती बातमी पाठवली. उत्तर आलं नाही.

पैसा लागतच नाही असं मी म्हणत नाही. एका मतदारसंघात दोन लाखांहून जास्त माणसं. पत्रकं छापून टपालाने घरोघरी पाठवायची तर एका फेरीलाच दम लागतो. टीव्हीचं नाव काढू नका, कारण राज्याला स्वतःची मोठी वाहिनी नाही. जाहिरात न्यूयॉर्क नाहीतर फिलाडेल्फियाच्या स्टेशनवर द्यायची आणि ज्यांना इथे मतच नाही अशा लाखो लोकांना दाखवायचे पैसे भरायचे. उमेदवार उभा आहे हे लोकांना कळण्यापुरती रक्कम हवीच. त्या रकमेच्या पुढे प्रत्येक डॉलरचा उपयोग कमी होत जातो. म्हणून तुमचे शंभर डॉलर मागे असलेल्याच्या जास्त कामाचे. तो त्यात शे-दीडशे घरांना तरी पत्र टाकेल. समोरच्याला ते आले-गेलेले कळणारही नाहीत.

आता काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या त्या. एच-१बी किंवा तशाच व्हिसावर असाल तर एक डॉलरही देऊ नका. नागरिक किंवा ग्रीन कार्डधारकच देऊ शकतात, आणि बायकोच्या किंवा मित्राच्या नावावर आपले पैसे देणं हाही गुन्हा आहे. दारोदार फिरायला, फोन करायला मात्र व्हिसा आड येत नाही, मोबदला घेतला नाही म्हणजे झालं. २०० डॉलरच्या वर दिलेत (आमच्या वेळी ही सीमा ३०० होती) तर तुमचं नाव, पत्ता, व्यवसाय, कंपनी सगळं जाहीर होतं. नोकरीच्या ठिकाणी अडचण होणार असेल तर त्याखाली राहा. स्वतंत्र गटांनी केलेला खर्च उमेदवाराच्या बेरजेत दिसत नाही, तेव्हा दोघांमधलं खरं अंतर पाचपटीहून जास्तही असू शकतं. आणि डरसुद्धा २०२३ ला हरले. मी त्यांचं उदाहरण दिलं की भावोजी मला हे दर वेळी ऐकवतात, आणि ते खरं आहे.

द्यायचे तर लवकर द्या, २९ दिवसांच्या हिशोबाच्या आधी. तो हिशोब वाचून मग ठरवणारे पुष्कळ असतात, आणि तुमच्यासारख्या पन्नास जणांचे पैसे त्या बेरजेत दिसले तर आणखी पन्नास जण धीर करतात. ज्यांची नावं जाहीर होतात त्यांच्या चेकची तारीखही यादीत असते. त्यांच्यातलं कोण निकालाआधी आलं आणि कोण नंतर, ते कायमचं वाचता येतं. माझी मैत्रीण पुन्हा उभी राहायचं म्हणतेय, आणि भावोजींना मी सांगून ठेवलंय की या वेळी त्यांचा चेक मला प्रायमरीच्या आधी हवा.